घरखर्चातून कर्जफेड : वाचवलेला रुपया कर्जखात्यापर्यंत कसा पोहोचवावा

घरखर्चात काटकसर करून कर्ज फेडायचे असे ठरवणारी अनेक घरे दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुन्या वळणावर येतात, आणि त्याचे कारण निश्चयाची कमतरता हे क्वचितच असते. रिक्षा सोडून बस धरलेली असते, हॉटेलात जाणे बंद केलेले असते, नवे कपडे लांबणीवर टाकलेले असतात. तरीही महिनाअखेरीस बँक खात्यात पूर्वीइतकीच शिल्लक दिसते आणि कर्जाचा आकडा जागचा हललेला नसतो. बसमुळे वाचलेले साठ रुपये संध्याकाळच्या भाजीत, आणि टाळलेल्या जेवणाचे सातशे रुपये पुढच्या रविवारच्या पाहुणचारात मुरून गेलेले असतात. काटकसर झाली, पण वाचलेल्या पैशाला कुठे जायचे ते सांगितलेच नव्हते. म्हणून या लेखात कुठे कपात करावी याइतकाच भर, वाचलेली रक्कम त्याच दिवशी कर्जखात्यात कशी जमा करावी यावर दिला आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक कुटुंब धरून चालू. नाशिकसारख्या शहरात भाड्याच्या घरात राहणारे चौघांचे कुटुंब आहे, दोघे कमावते आहेत आणि कपाती वजा जाता दोघांच्या मिळून हातात महिन्याला ६०,००० रुपये येतात. क्रेडिट कार्डावर ९०,००० रुपये थकलेले आहेत, १४ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जाचे २,४०,००० रुपये तीन वर्षांत फेडायचे आहेत, आणि पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचे ११ टक्के दराचे १,५०,००० रुपये पाच वर्षांत फेडायचे आहेत. वैयक्तिक कर्जाचा हप्ता सुमारे ८,२०० रुपये आणि पतसंस्थेचा सुमारे ३,२५० रुपये आहे. कार्डाची किमान देय रक्कम, म्हणजे ४,५०० रुपये, दर महिन्याला भरली जाते. घरभाडे १४,००० रुपये आहे. उरतात ते ३०,००० रुपये, आणि जी काही कपात करायची ती या तीस हजारांतूनच करावी लागणार आहे.

आधी कर्जे एका पानावर

दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि पहिल्याच पानावर प्रत्येक कर्जाची बाकी, व्याजदर, हप्ता आणि हप्त्याची तारीख लिहावी. नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने, वाण्याकडची उधारी, बचत गटाचे कर्ज आणि उचललेल्या भिशीचे राहिलेले हप्ते हेही त्यात आलेच पाहिजेत. सोसायटीची थकलेली देखभाल वर्गणी विसरू नये, कारण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आकारता येते, आणि हा दर बहुतेक बँकांच्या वैयक्तिक कर्जापेक्षा जास्त आहे.

येथे सर्वांत मोठी चूक होते ती दरांची तुलना करताना. आपल्याकडे ‘दोन रुपये शेकडा’ असे म्हटले की तो दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँक आणि पतसंस्था मात्र वार्षिक दर सांगतात. क्रेडिट कार्डाचा दर पुन्हा मासिकच सांगितला जातो, तो बहुधा ३ ते ३.७५ टक्के असतो, आणि ऐकायला किरकोळ वाटणारा हा दर वर्षाला ३६ ते ४५ टक्के भरतो. वाहन किंवा घरगुती वस्तूंच्या कर्जात कधी ‘फ्लॅट’ दर सांगतात, ज्यात मूळ रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज धरलेले असते, जरी मुद्दल दर महिन्याला फिटत असली तरीही. तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतलेले कर्ज घटत्या शिलकीच्या हिशेबाने, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज मोजले तर, सुमारे २१ टक्क्यांचे असते. म्हणून प्रत्येक कर्जाचा दर वार्षिक आणि घटत्या शिलकीवरचा असा करूनच वहीत उतरवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसोबत बँका आणि वित्त कंपन्यांना मुख्य तथ्यांचे एक विवरण द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह प्रत्यक्ष वार्षिक दर छापलेला असतो. ते कागद हाताशी असतील तर काम सोपे होते.

आता आपल्या उदाहरणातल्या कार्डाकडे पाहू. ३.५ टक्के मासिक दराने ९०,००० रुपयांवर ३,१५० रुपये व्याज होते, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर ५६७ रुपये, असे मिळून ३,७१७ रुपये. ४,५०० रुपये भरले तर मुद्दलातून फक्त ७८३ रुपये कमी झाले. एकही नवी खरेदी न करता हे कुटुंब दर महिन्याला ४,५०० रुपयेच भरत राहिले, तर कार्ड फिटायला सुमारे ४४ महिने लागतील आणि एकूण जवळजवळ १,९४,००० रुपये भरले जातील. त्याच कार्डावर महिन्याला १२,००० रुपये भरले, तर दहाव्या महिन्यात बाकी शून्य होते आणि एकूण भरणा सुमारे १,१०,००० रुपये होतो. या दोहोंतला फरक ८४,००० रुपयांचा आहे. म्हणजे या कुटुंबापुढचा प्रश्न नेमका झाला : तीस हजारांच्या घरखर्चातून साडेसात हजार रुपये दहा महिने बाजूला काढायचे. ‘खर्च कमी करायला हवा’ हे वाक्य घरात वर्षानुवर्षे बोलले जाते आणि त्यातून काहीच घडत नाही. ‘दहा महिने, साडेसात हजार’ हे मात्र घरातल्या प्रत्येकाला समजते.

कोणते कर्ज आधी फेडावे, याला माझे उत्तर एकच आहे : सर्व कर्जांचे ठरलेले हप्ते वेळेवर भरावेत आणि वरचा प्रत्येक रुपया सर्वांत महाग दराच्या कर्जात घालावा. या नियमाला मी दोनच अपवाद मानतो. वाण्याची उधारी छोटी असते आणि तिच्यावर व्याज नसते, तरी ती सर्वांत आधी मिटवावी, कारण उधारी असेपर्यंत तो सांगेल त्या भावाने त्याच्याकडूनच माल घ्यावा लागतो आणि किराण्यातली कपात अडून राहते. दुसरा अपवाद अशा हातउसन्या पैशाचा, जो देणाऱ्यालाच आता दवाखान्यासाठी किंवा फीसाठी हवा आहे. तिथे व्याजाचा हिशेब करू नये.

तीन महिन्यांचा जमाखर्च

कपात सुरू करण्यापूर्वी मागील तीन महिन्यांचे बँक आणि यूपीआयचे तपशील काढून प्रत्येक खर्च वहीत दहा-बारा खात्यांत वाटावा. एका महिन्याचा हिशेब फसवा असतो. एखाद्या महिन्यात शाळेची फी येते, एखाद्यात गावची जत्रा. यूपीआयमुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, कारण वीस रुपयांच्या चहाचीही नोंद तारखेसह सापडते, पण त्याच सोयीमुळे पाकिटातून नोट काढताना होणारी क्षणभराची चलबिचलही गेली आहे. माझ्या अनुभवात, ही मांडणी पहिल्यांदा करताना घरातल्या कुणाचाही अंदाज बरोबर निघत नाही, आणि चूक बहुतेक वेळा एकाच खात्यात असते : बाहेरचे खाणे.

ही मांडणी पती-पत्नींनी एकत्र बसूनच करावी, आणि घरात आई-वडील असतील तर त्यांनाही आकडे सांगावेत. कर्ज लपवून केलेली काटकसर घरच्यांना विनाकारण कंजूषपणा वाटते. कारण कळले की तीच माणसे वाट काढायला पुढे येतात. मुले दहा-बारा वर्षांची असतील तर त्यांना भीती न घालता इतकेच सांगावे की पुढच्या दिवाळीपर्यंत आपण एक देणे फेडत आहोत.

कपात नेमकी कुठे

आपल्या कुटुंबाचे साडेसात हजार असे निघतात : बाहेरचे आणि घरपोच मागवलेले खाणे यातून २,६०० रुपये, किराणा आणि भाजी यातून १,७००, पेट्रोल आणि रिक्षा यातून १,४००, मोबाइल आणि करमणुकीच्या वर्गण्यांतून ७००, वीज आणि गॅस यांतून ६००, औषधांतून ५००. प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील, पण क्रम बहुधा हाच राहील.

बाहेरचे खाणे कमी करा असे सांगणे सोपे आहे. दोघे कमावणारे संध्याकाळी साडेसातला दमून घरी येतात, ओट्यावर सकाळची भांडी असतात, मुलांना भूक लागलेली असते, आणि त्या अर्ध्या तासात मोबाइलवरून साडेचारशे रुपयांचे जेवण मागवले जाते. ही वेळ निभावण्याची तयारी आधीच करून ठेवली तर खर्च आपोआप टळतो. रविवारी दोन तास काढून मटकी आणि मूग भिजवून मोड आणायला ठेवावेत, कांदा-खोबऱ्याचे वाटण करून फ्रीजमध्ये डब्यांत भरावे, लसूण सोलून ठेवावा, दोन दिवसांची भाजी निवडून ठेवावी. शिवाय वीस मिनिटांत होणारे तीन पदार्थ घरात कायमचे ठरवून टाकावेत : मुगाच्या डाळीची खिचडी, पिठले आणि सकाळच्याच भाकऱ्या, दडपे पोहे. ज्या दिवशी अंगात त्राण नसेल त्या दिवशी यांपैकी एक होईल, त्याबद्दल कुणी कुरकुर करायची नाही, आणि भांडी सकाळी घासली तरी चालतील, असा ठराव घरात झालेला असावा. हे काम एकट्या बाईच्या अंगावर टाकले तर ती व्यवस्था महिनाभरही टिकत नाही, आणि टिकू नये. कणीक मळणे, कुकर लावणे, डबे भरणे हे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतले तरच दोन हजार सहाशे रुपये खरोखर वाचतात. महिन्यातून एकदा सर्वांनी मिळून बाहेर जेवावे. ती रक्कमही आधीच ठरवून वहीत लिहावी.

किराण्याची यादी दुकानात किंवा मोबाइलवर नव्हे, तर स्वयंपाकघरात डबे उघडून करावी. मोठ्या दुकानांतली ‘दोनावर एक’ ही सवलत घेण्यापूर्वी पाकिटावर छापलेली प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमत पाहावी. मोठे पाकीट दर वेळी स्वस्त असतेच असे नाही. भाजी आठवडे बाजारातून घ्यावी, आणि हंगामातली घ्यावी. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या सेवा मोबाइलवरून काढून टाकाव्यात, कारण एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी उघडलेल्या अ‍ॅपमधून दोनशे रुपयांचे सामान येते.

उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीबद्दल येथे थोडे वेगळे सांगावेसे वाटते. बेगमी ही चांगली सवय आहे, पण ती रोख पैसा हाताशी असलेल्या घरासाठी. समजा एप्रिलमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ आणि डाळी घेतल्याने दहा टक्के वाचतात. त्या पैशाचा निम्मा भाग सरासरीने वर्षभर धान्यात अडकलेला राहतो, आणि तोच पैसा कार्डावर भरला असता तर महिना ३.५, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाकाठी २१ टक्के व्याज वाचले असते. कार्डाची थकबाकी असेपर्यंत महिन्याचे किंवा फार तर दोन महिन्यांचेच धान्य भरावे. पतसंस्थेचे ११ टक्क्यांचे कर्जच उरले की मग पुन्हा वर्षाची बेगमी करायला हरकत नाही. ज्यांच्याकडे अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाची शिधापत्रिका आहे त्यांना राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य सध्या मोफत मिळते, प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो. ते घेण्यात संकोच करू नये.

वीजबिलात कपात करायची तर महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आधी समजून घ्यावेत : १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर बदलत राहतात, पण दुसऱ्या टप्प्याचा ऊर्जा दर पहिल्याच्या साधारण दुप्पट असतो, हे प्रमाण अनेक वर्षे दिसते आहे. त्यामुळे १८० युनिट वापरणाऱ्या घरात वाचलेले प्रत्येक युनिट हे महाग टप्प्यातले, म्हणजे स्थिर आकार सोडून सुमारे दहा रुपयांचे असते. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला पंधरा तास चालत असेल तर त्याच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावल्यास महिन्याला सुमारे वीस युनिट, म्हणजे दोनशे रुपये वाचतात. असा पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो आणि तेवढे पैसे कार्डावर भरले असते तर महिन्याला करासह सव्वाशे रुपयेच वाचले असते, म्हणून सर्वांत जास्त चालणारा एक पंखा बदलणे कर्ज असतानाही परवडते. घरातले सगळे पंखे एकदम, आणि तेही हप्त्यावर घेणे मात्र परवडत नाही. गॅसच्या सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूने लिहावी, डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून मगच कुकरला लावावेत, आणि सिलिंडर किती दिवस पुरला ते वहीत नोंदवावे.

प्रवासाचे फारसे सांगण्यासारखे नाही. कामाची ठिकाणे एकाच दिशेला असतील तर दोन दुचाकींऐवजी एक काढावी; लोकल, बेस्ट, पीएमपी किंवा एसटीचा मासिक पास रोजच्या तिकिटापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, तेव्हा गावी जाताना खासगी गाडी ठरवण्याआधी याचा हिशेब करावा.

मोबाइलचे पोस्टपेड क्रमांक प्रीपेड करावेत, घरात ब्रॉडबँड असेल तर डिश बंद करावी, ओटीटीची एका वेळी एकच वर्गणी ठेवावी, आणि खात्यातून आपोआप जाणाऱ्या सर्व वर्गण्यांची यादी बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ या भागात पाहून नको त्या तिथूनच रद्द कराव्यात.

औषधांबाबत अधिक काळजी घ्यावी. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांसारख्या रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. तेथे तेच औषध पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळते. गोळी बदलताना किंवा मात्रा कमी करताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेसाठी कर्ज काढण्याआधी योजनेतल्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला जरूर भेटावे. दवाखान्याच्या बिलापायी झालेली कर्जे मी फार पाहिली आहेत, आणि त्यांतली काही टाळता आली असती.

जे कापू नये

मुलांचे दूध, फळे आणि शाळेची फी, आई-वडिलांची औषधे, आरोग्य विमा, शुद्ध मुदत विमा, आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचा पगार. शेवटचे मुद्दाम लिहितो आहे. आपल्या कर्जाची झळ ज्यांच्या घरी आपल्यापेक्षा कमी पैसा येतो त्यांना लावणे योग्य नाही. काम खरोखरच बंद करायचे असेल तर निदान महिनाभर आधी सांगावे. विमा अजिबात नसेल तर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवनज्योती विमा ४३६ रुपयांत मिळतो, दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण आहे. कर्जदार माणसाने हे दोन तरी घेतलेच पाहिजेत, कारण त्याच्या पश्चात हप्ते भरायचे कुणी हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो.

कर्जाचा जादा भरणा सुरू करण्याआधी दहा ते पंधरा हजार रुपये वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. व्याजाच्या दृष्टीने हे चुकीचे दिसते. पण हा आधार नसला तर मुलाच्या पहिल्या तापालाच कार्ड पुन्हा बाहेर निघते, आणि त्याबरोबर तीन महिन्यांची उमेदही संपते.

वाचलेला पैसा कर्जात कसा घालावा

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी घरभाडे, हप्ते आणि कार्डाचे १२,००० रुपये ही सर्व रक्कम खात्यातून गेलेली असावी. त्यासाठी बँकेत कायमची सूचना द्यावी. उरलेले साडेबावीस हजार रुपये दुसऱ्या खात्यात वळवावेत, आणि घरखर्चाचे यूपीआय त्या खात्यालाच जोडावे. या खात्यातून दर सोमवारी आठवड्यापुरती रक्कम ठरवून घ्यावी. काहींना चार पाकिटांत रोख रक्कम ठेवणे जमते, आणि माझ्या मते ज्यांचा हात सैल आहे त्यांनी पहिले तीन महिने तरी रोखीनेच व्यवहार करावा.

ठरलेल्या कपातीपलीकडे जे वाचेल ते त्याच रात्री कार्डात भरावे. बाहेरून मागवायचे चारशे रुपयांचे जेवण रद्द करून खिचडी टाकली, की जेवण झाल्यावर मोबाइलवरून चारशे रुपये कार्डाच्या बिलात भरायचे. कार्डाचे व्याज रोजच्या शिलकीवर मोजले जाते, बिलाची तारीख येण्याची वाट पाहावी लागत नाही, आणि महिन्यातून कितीही वेळा भरणा करता येतो. वैयक्तिक कर्जात मात्र अंशतः परतफेडीवर अटी आणि शुल्क असू शकते, म्हणून करारपत्र वाचून, वर्षातून एक-दोनदा मोठी रक्कम भरणे बरे.

या काळात कार्ड वापरायचे नाही. पूर्ण बिल भरलेले नसताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून सर्व अ‍ॅपमधून कार्डाचा क्रमांक पुसून टाकावा. बिनव्याजी हप्त्यांच्या जाहिरातींनाही भुलू नये. रोखीने मिळणारी सूट त्यात जाते, आणि प्रक्रिया शुल्क व व्याजाच्या भागावरील कर आपल्यालाच लागतो.

घरात सोने असेल तर एक वाट अधिक आहे. बँकेत १० टक्के वार्षिक दराने ९०,००० रुपयांचे सोने तारण कर्ज मिळाले आणि त्यातून कार्ड एकरकमी फेडले, तर पहिल्या महिन्याचे व्याज ३,७१७ वरून ७५० रुपयांवर येते, आणि त्याच १२,००० रुपयांच्या भरण्याने कर्ज दहाव्याऐवजी आठव्या महिन्यात संपून साधारण साडेसोळा हजार रुपये वाचतात. हप्त्याने फेडायचेच तारण कर्ज घ्यावे, वर्षअखेर एकरकमी फेडायचे नव्हे. मुदत ठेव, विमा पॉलिसीवरील कर्ज, तिसऱ्या ते सहाव्या वर्षातल्या पीपीएफवरील कर्ज यांचाही असाच उपयोग होतो. सात टक्क्यांची ठेव जपत ४२ टक्क्यांचे व्याज भरणाऱ्यांनी ठेव मोडावी. मात्र फिटलेले कार्ड त्याच आठवड्यात बंद करायला हवे. ते चालू ठेवून वर्षभरात कार्डही भरलेले आणि सोनेही गहाण, अशी घरे मी जवळून पाहिली आहेत.

सण, लग्नसराई आणि बोनस

दहा महिने म्हटले की मध्ये गणपती, दिवाळी किंवा लग्नसराई येणारच. आहेराची रक्कम नात्यानुसार आधीच ठरवून वर्षभर तीच पाळावी. दिवाळीचा फराळ दोन-तीन घरांनी मिळून केला तर खर्च आणि कष्ट दोन्ही वाटले जातात. घरगुती गणपती दीड दिवसाचा असला तरी आरतीला माणसे येतात, आणि त्यांना खिरापत पुरते. दिवाळीचा बोनस आणि पतसंस्थेचा लाभांश यांतला एक चतुर्थांश सणाला, उरलेला कर्जाला, ही वाटणी रक्कम हातात येण्याआधी ठरवावी. आल्यावर ठरत नाही.

कपातीने भागत नसेल तर

घरभाडे वजा जाता हातात राहणाऱ्या पैशातून हप्तेही निघत नसतील, तर खिचडीने आणि पंख्याने ते कर्ज फिटणार नाही, हे स्पष्टपणे मान्य करावे. अशा वेळी हप्ता चुकण्याच्या आधीच बँकेला लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून किंवा कर्जाची पुनर्रचना करून मागावी. पतसंस्थेचा हप्ता शक्यतो चुकवू नये, कारण वसुली जामीनदार सहकाऱ्याच्या पगारातून होते. ‘सेटलमेंट’ करून कमी रकमेत कर्ज मिटवले तर सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत तसा शेरा राहतो आणि पुढे घरकर्ज मिळणे अवघड जाते, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. वसुली प्रतिनिधींना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन असे प्रकार झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, तेथे शुल्क लागत नाही.

एक हप्ता भरण्यासाठी झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे किंवा बिनपरवाना सावकाराकडे मुळीच जाऊ नये. मोबाइलमधील संपर्कांची यादी मागणारे कर्जाचे अ‍ॅप नियमाबाहेर वागते आहे, एवढे ओळखणे पुरे. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

कर्ज फिटल्याच्या दिवशी

कार्ड फिटले की त्याचे १२,००० रुपये घरखर्चात परत न आणता दुसऱ्याच महिन्यापासून वैयक्तिक कर्जासाठीच्या वेगळ्या खात्यात जमा करावेत. कार्ड बंद करण्याची विनंती लेखी किंवा ईमेलने करावी. बाकी शून्य असताना सात कामकाजी दिवसांत बँकेने ते बंद केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार दर दिवसाला ५०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. प्रत्येक कर्जाचा बेबाकी दाखला घ्यावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत, खात्यावरची हप्त्याची स्वयंचलित वसुलीची सूचना रद्द झाली का ते पाहावे, पतसंस्थेच्या कर्जातल्या जामीनदारांना दाखल्याची प्रत द्यावी, आणि दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल काढून कर्जासमोर ‘बंद’ अशीच नोंद आहे, ‘सेटल्ड’ नाही, याची खात्री करून तो कागद वहीच्या पहिल्या पानाला टाचून ठेवावा.